शाळेचा गणपती आणि एकशे नऊ सह्या

शाळा व्यवस्थापन समितीवर माझी वर्णी कशी लागली ते आधी सांगते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे या समितीत पाऊण हिस्सा पालक लागतात आणि निम्म्या बायका. २०२४ च्या जूनमध्ये पालकसभा झाली तेव्हा बायकांची एक जागा काही केल्या भरेना. मुख्याध्यापिका बाईंनी खोलीभर नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. "तुम्ही पतसंस्थेत असता न्हवं? कागदपत्रांची सवय आहे तुम्हाला." मी हो-नाही म्हणेपर्यंत इतिवृत्तात नाव चढलंसुद्धा.

शाळा महापालिकेची, शहराच्या जुन्या भागातली, पहिली ते सातवी. पट ११८. माझी धाकटी तेव्हा चौथीत. शाळेचं नाव लिहीत नाही. बाई मनापासून काम करणाऱ्या आहेत, शिक्षक कमी आणि कामं जास्त अशी तऱ्हा आहे. उगाच कुणाच्या मागं लचांड नको.

सगळ्याची सुरुवात एका फोटोनं झाली, आणि तो फोटो मीच काढला होता.

१६ जुलैला शाळेची दिंडी निघाली. दुसऱ्या दिवशी आषाढी, सुट्टी. कोल्हापूरची माणसं आषाढीला नंदवाळची वाट धरतात, पुईखडीला रिंगण होतं. आमच्या पोरांची दिंडी आपली चार गल्ल्यांची. पोरं धोतर-सदऱ्यात, पोरी नऊवारीत, डोक्यावर प्लॅस्टिकच्या कुंडीतली तुळस, आणि पाऊस असा की कपाळाचा बुक्का नाकावर उतरलेला. रुक्मिणी झाली होती ती माझ्या पोरीच्या बाकावरची मैत्रीण, मुसलमान घरातली. बाईंनीच हौसेनं निवडलेली. नऊवारी आमच्या घरची, नेसवली मी. फोटो फारच गोड आला. त्याखाली मी लिहिलं, "हे आहे शाहू महाराजांचं कोल्हापूर", आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत तो फोटो गल्लीच्या तालीम मंडळाच्या ग्रुपवरून, भिशीच्या ग्रुपवरून, माझ्या माहेरच्या ग्रुपवरून फिरून परत माझ्याकडंच आला. खोटं कशाला बोलू, लई भारी वाटलं.

१८ तारखेला त्या मुलीची आई पतसंस्थेच्या खिडकीवर आली. मला वाटलं पिग्मीच्या रोजच्या बचतीचं काही असेल. मागं कुणी नाही हे बघून ती म्हणाली, "वहिनी, तेवढा फोटो काढून टाकता काय?"

शाळेबद्दल तिची तक्रार नव्हती. पण जावेचा फोन आला होता, नवऱ्याला दुकानात कुणी टोमणा मारला होता, आणि दुसरीकडं कुठल्याशा ग्रुपवर त्याच फोटोखाली कुणीतरी नको ते लिहिलं होतं. म्हणजे दोन्हीकडनं मार. ७ जून २०२३ ला मोबाईलच्या स्टेटसवरून आमच्या शहरात दगडफेक झाली, लाठ्या चालल्या, इंटरनेट बंद झालं. तेव्हापासून काही घरांत नुसतं 'फॉरवर्ड' म्हटलं तरी पोटात गोळा येतो. माझ्या घरात येत नाही, म्हणून फोटो टाकताना मला ते सुचलंच नाही.

फोटो काढून टाकला. पण फिरायला गेलेला फोटो परत कुठं येतोय?

जाताना ती म्हणाली, "बाईंनी एवढ्या प्रेमानं विचारलं, पोरीला नाही म्हणता आलं नाही. मला पण नाही."

ऑगस्टच्या बैठकीत विषय क्रमांक ४ होता, 'गणेशोत्सव नियोजन'. शाळेत काही वर्षं पाच दिवसांचा गणपती बसत होता. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतनं मूर्ती, पोरामागं पन्नास रुपये वर्गणी, रोज एका वर्गाकडं आरती. दोन मिनिटांत मंजूर होणारा विषय. मी एवढंच म्हटलं, "पालकांना एकदा विचारूया का?"

कशाबद्दल विचारायचं, हे आधी कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आल्यावर अण्णा उखडले. अण्णा म्हणजे तालमीचे जुने कार्यकर्ते. नातू दुसरीत आणि पोरगा-सून कामाला, म्हणून पालक म्हणून तेच येतात. "हे कोल्हापूर हाय वहिनी! बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती हाय, बघितलाय न्हवं? मोहरमचे पंजे आमच्या तालमीत बसत्यात. कुरुंदवाडात मशिदीत गणपती बसतोय. हितं भेद कुठनं आणलासा?"

त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. दर्ग्याच्या दारावरचा गणपती मी लहानपणापासून बघते, आणि २०१८ पासून लागोपाठ तीन वर्षं गणपती आणि मोहरम एकत्र आले तेव्हा अर्धं शहर दोन्हीकडं होतं. मला काही उत्तर सुचेना.

उत्तर कोपऱ्यातनं आलं. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक असलेले एक पालक आहेत, बैठकीत कधी तोंड उघडत नाहीत. ते म्हणाले, "तालमीत पोरगं आपल्या पायानं जातंय, अण्णा. हितं हजेरी लागतीया."

मग थांबून म्हणाले, "आमच्या घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञा हाईत. तिसरी गौरी-गणपतीचीच हाय. पोरगं सकाळी ती वाचतंय आणि अकरा वाजता हितं आरतीचं ताट धरतंय."

"मग आजवर बोलला न्हाईस का?"

"आजवर कुणी विचारलंच न्हाई."

१९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या त्या प्रतिज्ञा मी अभ्यासाला म्हणून वाचल्या होत्या, परीक्षेत पाच मार्कांना. गौरी-गणपतीला देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, हे वाक्य आपल्याच शाळेतल्या एका पोराच्या घरात भिंतीवर असेल, असं कधी डोक्यातही आलं नव्हतं. माणगाव परिषदेत १९२० ला शाहू महाराज आणि बाबासाहेब एका मंडपात बसले, ते आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर. त्याचे फलक चौकाचौकात लावतो आम्ही.

बाईंनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. कायद्यात काय आहे ते बघायचं माझ्याकडं आलं. कागदपत्रांची सवय!

आमच्या पतसंस्थेचे एक वकील आहेत. वसुलीच्या दाव्यांतनं सवड काढून त्यांनी मला तासभर समजावलं. राज्यघटनेचं अनुच्छेद २८. जी शाळा पूर्णपणे सरकारच्या पैशावर चालते, तिथं धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. अनुदानित किंवा नुसती मान्यता असलेल्या शाळेत मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवायचं तर संमती लागते, मूल अज्ञान असेल तर पालकाची. म्हणजे महापालिकेच्या शाळेला खाजगी शाळेपेक्षा कडक नियम. मी विचारलं, "मग गणपती चालतो की नाही?" वकील हसले. अनुच्छेदात 'सण' हा शब्दच नाही. सण हे शिक्षण की उपासना की करमणूक, यावरच सगळं येऊन ठेपतं.

त्यांनी आणखी तीन-चार खटले सांगितले. २००२ मध्ये अरुणा रॉय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की सगळ्या धर्मांची माहिती शिकवणं वेगळं आणि धार्मिक शिक्षण वेगळं. पहिल्याला मनाई नाही. १९८६ मध्ये केरळच्या तीन मुलांच्या बाजूनं निकाल लागला. ती राष्ट्रगीताला अदबीनं उभी राहायची, पण श्रद्धेमुळं गायची नाहीत, म्हणून शाळेनं काढून टाकली होती. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं नाशिकच्या एका शिक्षकाबाबत सांगितलं की प्रार्थनेला हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही. आणि केंद्रीय विद्यालयातल्या संस्कृत प्रार्थनेचा प्रश्न तर २०१९ मध्ये मोठ्या खंडपीठाकडं सोपवला गेला. हे ऐकून मला जरा हलकं वाटलं. जिथं न्यायाधीशांनाही खल करावा लागतो, तिथं आमची समिती दोन मिनिटांत मंजुरी देत होती.

माझी नणंद न्यू जर्सीत असते. तिला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, तिच्याकडं हे भांडण साठ वर्षं जुनं आहे. सरकारी शाळेनं प्रार्थना घ्यायची नाही हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये ठरवलं, बायबलवाचनाचं १९६३ मध्ये. पण त्याच १९६३ च्या निकालात हेही आहे की धर्मांबद्दल शिकवायला हरकत नाही. तिच्या मुलाच्या शाळेत डिसेंबरात कार्यक्रम होतो, नाव 'विंटर कॉन्सर्ट'. "आणि गाणी?" "त्यात ख्रिसमसची एक-दोन असतातच ग." म्हणजे तिकडंही आपल्यासारखंच, नाव एक आणि आत एक.

तर, संमती. बाईंना हा शब्द फार आवडला. त्यांच्या मते सगळं भांडणच मिटणार होतं. संगणकावर एक चिठ्ठी तयार झाली: 'शाळेत गणेशोत्सव साजरा करण्यास आमची संमती आहे / नाही. पालकाची सही.' आमच्या शाळेला संमतीची ही वाट घटनेत तरी दिसत नाही, असं मी वकिलांच्या भरवशावर म्हणून बघितलं. बाई म्हणाल्या, "विचारायचं तुम्हीच म्हणाला होता न्हवं?" ते मात्र खरं होतं. वर्गशिक्षकांनी चिठ्ठ्या वाटल्या, चार दिवसांत गोळा केल्या.

११८ पैकी १०९ परत आल्या. १०९ च्या १०९ 'आहे'.

बाईंनी गठ्ठा माझ्यापुढं ठेवला. "बघा, एकाचंही नाही न्हाई."

इथं माझा धंदा आडवा आला. पतसंस्थेत बारा वर्षं मी जामीनदारांच्या सह्या बघतेय. चुलतभावाला कर्ज पाहिजे, तो फॉर्म पुढं करतो, हा न वाचता सही करतो; कारण नाही म्हटलं तर दिवाळीला तोंड कसं दाखवायचं? मग हप्ते थकले की हाच माणूस खिडकीवर येऊन म्हणतो, "मला काय ठाऊक न्हवतं." नियमानं सही पक्की असते. पण ती कशी मिळाली हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं. जिथं 'नाही' म्हणायला जागाच नसते, तिथल्या 'हो'वर मी स्वतःचे पैसे कधीच लावले नसते.

गठ्ठा घरी आणला आणि रात्री एकेक चिठ्ठी बघितली. सात चिठ्ठ्यांवर पेन्सिलीनं, पोरांच्याच अक्षरात आईचं नाव. चार चिठ्ठ्यांवर एकच निळी शाई आणि एकच हात. आणि एसटीवाल्या दादांच्या घरची चिठ्ठी? 'आहे' वर गोल, खाली त्यांच्या बायकोची सही.

दादांना विचारलं तर ते खाली बघत म्हणाले, "वहिनी, बैठकीत बोललो तेवढं बोललो. पोरगं रोज त्याच बाईंच्या पुढ्यात बसतंय. 'नाही' लिहून कागद त्यांच्याच हातात द्यायचा?"

न आलेल्या नऊ घरांपैकी सहा घरी मी गेले. दोघांनी चिठ्ठी हरवली होती. उत्तर प्रदेशातनं आलेल्या एका सुताराला मराठी वाचता येत नव्हतं, पोरगी वाचून दाखवायला लाजली होती. एका घरानं सरळ सांगितलं, पन्नास रुपये नाहीत, चिठ्ठीवर 'आहे' केलं की वर्गणी मागणार. एका घरी कुलूप.

सहावं घर ख्रिस्ती होतं. आईनं चहा ठेवला. म्हणाली, "आम्ही कशाला विरोध करू? आमच्या पोरीला त्या आठवड्यात ताप येतो."

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

दोघी हसलो. मग मला हसू आवरतं घ्यावं लागलं, कारण ती थांबली होती.

पुढच्या बैठकीत मी सुचवलं, पतसंस्थेच्या निवडणुकीत करतो तसं करू. पालकसभेला दाराशी बंद पेटी, बिननावाची चिठ्ठी, हवा किंवा नको, वाटलं तर कारण. बाई कचरल्या, पण तयार झाल्या. अण्णा म्हणाले, "करा की, आमाला कुठं भ्या हाय."

९७ चिठ्ठ्या पडल्या. ७१ हवा, २६ नको.

शाळेतली बिगरहिंदू घरं मी मनात मोजली होती. सगळ्यांनी मिळून 'नको' टाकलं तरी सव्वीस होत नाहीत. म्हणजे गणपती घरी बसवणाऱ्यांपैकीही काहीजण शाळेत नको म्हणत होते. एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'गल्लीत तीन गणपती हाईत, चौथा कशाला. इंग्रजी शिकवा.' दुसरीवर, 'आरतीच्या सरावात आठ दिवस गणित बुडतंय.' तिसरीवर नुसतं, 'वर्गणी.' आणि एकीवर, बारीक अक्षरात, 'हवा पण सक्ती नको.' ही मी 'हवा'त धरली. अजून कळत नाही बरोबर केलं का.

अण्णांचा मुद्दा सोपा होता: ७१ म्हणजे बहुमत. माझं म्हणणं, हे मतदान नव्हतं. किती लोकांना हवंय ते मोजायचं नव्हतं. पहिल्या गठ्ठ्यात शून्य 'नाही' होते आणि नाव काढल्यावर सव्वीस झाले, ते सव्वीस कुठं दडले होते हे बघायचं होतं. हात जोडायचे की नाही, हे शेजारच्या बाकावरच्यांची डोकी मोजून ठरवायचं का? मग मी शाहू महाराजांकडं वळले, कोल्हापुरात वाद अडला की सगळेच वळतात. महाराजांनी मराठ्यांना, जैनांना, मुसलमानांना, लिंगायतांना आपापली बोर्डिंगं काढायला हात दिला. दसरा चौकात उभं राहिलं की आजूबाजूला त्यांतली काही अजून दिसतात. पण शाळा? अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या पोरांना सगळ्यांच्या शाळेत घ्या, असा हुकूम त्यांनी १९१९ मध्ये काढला. राहायला आपापलं घर, शिकायला एकच बाक. मी त्याचा असा अर्थ लावते. अण्णा म्हणाले, महाराज स्वतः दसऱ्याला सोनं लुटायला येत होते. मी म्हटलं, चौकात. वर्गात नाही.

हे सगळं मी फार ऐटीत बोलले. त्याचं पुढं काय झालं ते येतंच.

ठराव नऊ विरुद्ध पाच मतांनी झाला: शाळेत मूर्ती बसवायची नाही, आरती नाही, वर्गणी नाही. सणाच्या आधीच्या आठवड्यात चित्रकलेच्या तासाला शाडूची माती. ज्याला जे करायचं ते त्यानं करावं आणि घरी न्यावं. आणि गणपतीबद्दल एक तास, माहितीचा: नदीऐवजी इराणी खणीत विसर्जन का करायचं, प्लास्टर पाण्यात का विरघळत नाही, घरोघरी गौरीच्या रीती कशा वेगळ्या.

त्या रात्री पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'शाळेतला गणपती बंद केला. करणारे कोण ते ओळखा.' ओळखायला कशाला लागतंय? दुसऱ्या दिवशी भाजी घेताना एक ओळखीची बाई म्हणाली, "तुमच्या घरचाही बंद करा की मग." आमच्याकडं गौरी-गणपती पाच दिवस असतो, सवाष्ण जेवू घालण्यापर्यंत सगळं रीतीनं होतं, पण तिला ते सांगून काय उपयोग? नवरा दोन दिवस घुम्म होता. त्याची तालीम अण्णांचीच. तिसऱ्या दिवशी जेवताना एवढंच म्हणाला, "बरोबर असशील. पण तूच कशाला?" याला उत्तर नव्हतं.

शाडूचा तास मात्र झकास झाला. गणपती बरेच झाले, सोंडा दोन्ही बाजूंना वळलेल्या. एकानं बेंदराचा बैल केला, शिंगं बैलापेक्षा मोठी. एकानं पंजा केला. एकानं जेसीबी केला आणि तो सगळ्यांत हुबेहूब होता. ख्रिस्ती घरातली ती मुलगी हजर होती. तिनं गणपतीच केला! तिची आई पुढं मला म्हणाली, खिडकीत ठेवलाय, उंदीर फार आवडला म्हणे.

दसरा आला आणि माझीच गाडी घसरली.

आमच्या शाळेत पाटीपूजन असतं. पाटीवर एकाचे आकडे मांडून सरस्वती काढायची, झेंडू, आपट्याची पानं, हळद-कुंकू. मी त्याच पाटीवर शिकले, माझी आईही. बैठकीत विषय निघाल्यावर मीच म्हटलं, "ते असू द्या. ते काय धर्माचं नाही, ते पाटीचं आहे."

एसटीवाले दादा हसले. रागानं नाही. "वहिनी, तुमचा सण आला की ती संस्कृती व्हय?"

मी गप्प बसले. अण्णा महिनाभर माझ्याशी बोलत नव्हते, पण त्या दिवशी माझ्याकडं बघून जे हसले ते मला जन्मभर पुरेल.

मग ठरलं ते असं: एकाच्या आकड्यांची सरस्वती फळ्यावर, गणिताच्या तासाला, आकड्यांची नक्षी म्हणून, किती एक लागले ते मोजा. हळद-कुंकू ज्यानं त्यानं घरी. आणि पाटी-पुस्तकाचा दिवस शाळेत करायचाच तर ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला. सूचना दादांची. सगळ्यांना पटली, कुणाचं काही दुखावत नव्हतं. ३ जानेवारीला मी रजा काढून गेले तर काय, सावित्रीबाईंच्या फोटोला हार, पुढं उदबत्ती, पाट्यांवर हळद-कुंकू, आणि शिपाई मामांनी नारळ फोडलेला. बाई म्हणाल्या, "अहो, फोटो म्हटल्यावर नारळ आलाच." दादांनीही खोबरं खाल्लं. मी पण. त्या दिवशी भांडायचं त्राण कुणातच नव्हतं.

२०२५ ची आषाढी ६ जुलैला, रविवारी. दिंडी शनिवारी. दिंडी बंद करावी असं कुणाचंच म्हणणं नव्हतं, माझंही. पण ती 'यायचं त्यानं यावं' अशी झाली, शाळा सुटल्यावर, हजेरीशिवाय. वेश घरचे. कुणाला काय करायचं ते बाई सांगणार नाहीत. साठेक पोरं थांबली.

त्याआधी पाचवीच्या वर्गात भूगोलाच्या सरांनी भिंतीवर तीन वर्षांची कॅलेंडरं लावली आणि पोरांना तारखा शोधायला सांगितलं. २०२३ ची आषाढी २९ जूनला, त्याच दिवशी बकरी ईद. २०२४ ची १७ जुलैला, त्याच दिवशी मोहरम. २०२५ ची ६ जुलैला, परत मोहरम. पोरं चक्रावली. सरांनी चंद्र काढला. मुसलमानी महिना चंद्रकोर दिसली की सुरू होतो, म्हणून त्याची दहा तारीख आपल्या शुद्ध दशमी-एकादशीच्या आसपास येते. बकरी ईद दहा तारखेला, मोहरमचा मोठा दिवसही दहा तारखेला. मग २०२३ ला ईद आणि पुढं मोहरम, असं का सरकलं? कारण चंद्राचं वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, सूर्याच्या वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी तोकडं. मुसलमानी कॅलेंडर तसंच पुढं चालत राहतं. आपण अधूनमधून अधिक महिना घालून गाडी रुळावर आणतो. २०२३ ला अधिक श्रावण आला आणि पुढच्या आषाढीची जोडीदार बदलली.

मी हे दारात उभी राहून ऐकलं. पन्नाशीकडं झुकले, दोन्ही सण जन्मभर बघितले, पण हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मागच्या बाकावरनं कुणीतरी विचारलं, "सर, फुडच्या वर्षी?" सर म्हणाले, २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, आषाढीच्या आधीच. मग मोहरम पुढं निघून जाईल, आषाढी महिनाभर मागं राहील. "म्हंजे जोडी फुटली?" वर्गात हळहळ झाली.

दुपारी पाऊस नव्हता. दिंडी निघाली. गेल्या वर्षीची रुक्मिणी यंदा साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, हातात टाळ. ते तिनंच मागून घेतले होते. आवाज होतो म्हणून, माझ्या पोरीनं सांगितलं. मोहरमची सुट्टी लागून होती, घरी पाहुणे होते, तरी तिची आई गल्लीच्या तोंडाशी उभी होती, ओढणी सावरत. अण्णा पुढं पताका धरून.

मी मोबाईल काढला आणि मग थांबले. तिच्याकडं गेले. "काढू का?"

तिनं एकदा रस्त्याकडं बघितलं, एकदा पोरीकडं.

"काढा. पण ग्रुपवर नको, वहिनी. मला तेवढा पाठवा."